माझ्या फोनची पावती कुठे आहे? दोन मंत्र्यांना एक खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री आणि मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : परदेशातून परतताना विमानतळावर झालेली माझ्या मोबाइलची झडती

सविनय नमस्कार.

दोघांना मिळून एकच पत्र पाठवते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. माझा फोन ज्यानं घेतला तो माणूस तुमच्यापैकी कुणाचा, हे मला अजून कळलेलं नाही. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि ओळखपत्राची छापील बाजू पोटाकडे. तीन महिने मी दोन्ही दारं ठोठावली. इथे म्हणाले तिकडे विचारा, तिकडे म्हणाले हा आमचा विषय नाही. आणि परवा संध्याकाळी मी कुकर लावत असताना संदेश आला : 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' पहिली शिट्टी व्हायच्या आत मी तो चार वेळा वाचला. निकाल काय लागला, ते त्यात नव्हतं. २१ दिवसांत उत्तर देऊ म्हणून सांगणाऱ्या पोर्टलला तीन महिने लागले आणि उत्तर एका ओळीचं.

तर झालं असं.

मी सांगलीची. गेली २२ वर्षं समुपदेशनाचं काम करते. नवरा-बायकोंचे वाद, दारू, मारहाण, लग्नानंतर गप्प झालेल्या मुली. मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्या बाळंतपणासाठी सहा महिने गेले होते. जायच्या आधी लेकीनं मला दोन तास फोनवर शिकवणी दिली. आई, विमानातून उतरण्याआधी फोन पूर्ण बंद कर. नुसता पडदा काळा करून चालत नाही. बंद फोनमधलं सगळं पासवर्ड टाकेपर्यंत कुलपात असतं. बोटाचा ठसा आणि चेहरा, दोन्ही काढून टाक, लांब पासवर्ड ठेव. व्हॉट्सॲप काढून टाक, तिथे पोचल्यावर परत घाल. कामाचं काहीही बरोबर आणू नको. का, विचारलं तर म्हणाली, अमेरिकेच्या सीमेवर वॉरंटशिवाय फोन बघता येतो. तिथल्या नागरिकानं पासवर्ड दिला नाही म्हणून त्याला देशाबाहेर ठेवता येत नाही, पण तुझ्यासारख्या पाहुणीला आल्या पावली परत पाठवू शकतात. व्हिसाच्या अर्जात तर २०१९ पासून पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती विचारतात, ती मी भरलीच होती. मैत्रिणींच्या भिशीचा फेसबुक ग्रुपसुद्धा लिहून दिला.

एवढं सगळं करून मी तिथे उतरले आणि झालं काय? तिथल्या अधिकाऱ्यानं फोनकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला डबा हवा होता. डिंकाचे लाडू. 'डिंक' म्हणजे काय हे इंग्रजीत सांगता सांगता माझी दमछाक झाली. शेवटी मी पोटावर हात फिरवून, बाळ जोजवल्याची खूण करून दाखवली. तो हसला, जा म्हणाला. सात-आठ मिनिटं.

परत येताना मी यातलं काहीच केलं नाही. फोन चालू, बोटाचा ठसा चालू, व्हॉट्सॲप जिथल्या तिथे. लेकीनं आठवण करून दिली तर तिलाच म्हणाले, अगं, आता मी आपल्याच देशात चालले आहे.

हे वाक्य मला रोज आठवतं.

पहाटे चार वाजता मला बाजूला घेतलं. कारण काय, तर माझ्याकडे दोन फोन आणि एक लॅपटॉप. दुसरा फोन जावयाचा जुना, भाच्यासाठी आणलेला. एक लॅपटॉप तर तुमच्याच नियमात करमुक्त आहे. ते मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, मॅडम, नियम आम्हाला शिकवू नका, फोन उघडा. मी विचारलं, सोनं फोनमध्ये लपवतात का? नको होतं विचारायला. त्यानंतर मॅडमची मावशी झाली आणि सूर बदलला. 'मावशी, लपवण्यासारखं काही नसेल तर द्यायला काय हरकत आहे?'

मान्यवर, माझ्याकडे लपवण्यासारखं पुष्कळ आहे. त्यातलं माझं फारसं नाही, एवढंच. एक बाई रात्री अडीच वाजता न्हाणीघरात लपून मला आवाजी निरोप पाठवते, नवरा बाहेर झोपलेला असतो म्हणून कुजबुजते. तो निरोप त्या माणसानं स्पीकरवर लावला. मधल्या गल्लीत. शेजारच्या बाकावर दुबईहून आलेलं एक कुटुंब बसलं होतं, त्यांच्या मुलानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी 'बंद करा' म्हणाले तेव्हा त्यानं बंद केला आणि फोटो उघडले. त्यात माझी लेक होती, बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी, बाळाला अंगावर पाजताना. तो अंगठ्यानं एकेक फोटो सरकवत गेला. घाई नव्हती त्याला.

आमच्या गल्लीत एक वकील राहतात. त्यांनी मला १९६२ चा सीमाशुल्क कायदा काढून दाखवला. अर्थमंत्री, हा तुमच्या खात्याचा कायदा आहे म्हणून तुम्हाला विचारते. कलम १०२ म्हणतं, ज्याची झडती घ्यायची त्यानं मागितलं तर त्याला राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं. झडतीला दोन साक्षीदार असावेत, जप्त केलेल्या वस्तूंची यादी करून त्यावर सह्या घ्याव्यात. आणि बाईची झडती बाईशिवाय कुणी घेऊ नये. किती शहाणा कायदा! १९६२ साली माझ्या अंगावरच्या पदराला पुरुषाचा हात लागू नये एवढी लाज त्याला होती. आता तोच पदर बाजूला सारलेला फोटो एक परका पुरुष मांडी घालून बघतो, तर ती झडतीच नाही म्हणे. माझ्या बांगड्या काढून घेतल्या असत्या तर दोन साक्षीदार आणि यादी मिळाली असती. फोनला काय मिळालं? फोन त्यानं एका लहान पेटीला वायरनं जोडला, वीस-पंचवीस मिनिटं तो आतल्या खोलीत होता. मी विचारलं, काय करताय? 'रुटीन आहे.' सगळं उतरवून घेतलं का? 'रुटीन आहे.' पावती? त्यावर तो हसला. लाडवाच्या डब्यावर तो अमेरिकन हसला होता तसं नाही.

दोन तास चाळीस मिनिटांनी सोडलं. बाहेर ह्यांनी सांगलीहून गाडी करून आणलेली. मधुमेहाचा माणूस, रात्रीपासून चहा-बिस्किटांवर. मला बघून विचारलं, सामान हरवलं का? मी हो म्हणाले. काय सांगणार होते?

खरा त्रास पुढे झाला, आणि तो तुमच्या पोर्टलच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही. माझ्या व्यवसायाला एक धर्म आहे. दुसऱ्याचं गुपित माझ्या हातून गेलं तर ते त्याला सांगायला हवं. मी ११ जणींना एकेक करून बोलावलं आणि सांगितलं की माझा फोन काही वेळ माझ्या ताब्यात नव्हता, आत काय झालं मला माहीत नाही. चार जणी परत आल्या नाहीत. न्हाणीघरातून बोलणारी त्यातच. तिचा दीर पोलिसात आहे, तिला वाटतं सरकारकडे गेलं म्हणजे त्याच्याकडे गेलं. चूक आहे, हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगू? तिचा नंबर आता लागत नाही. रात्री अडीचला मला अजून जाग येते. ह्यांना वाटतं अमेरिकेच्या वेळेची सवय. तीन महिने कुणाला राहते हो ती सवय?

आता अमेरिकेचं कौतुक करायचं म्हणून लिहीत नाही. तो देश काही सोवळा नाही. २०२५ च्या जूनपासून विद्यार्थी व्हिसावाल्यांना समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना उघडी करून ठेवायला लावतात. माझ्या भाचीनं तिचे गणपतीतल्या नाचाचे व्हिडिओ रडत रडत सार्वजनिक केले. फोन उतरवून घेतला तर त्यातली माहिती १५ वर्षं ठेवू शकतात. पण निदान सांगतात तरी! २०१८ पासून त्यांचा लेखी नियम आहे : अधिकाऱ्यानं फोन आधी इंटरनेटपासून तोडायचा, फोनमध्ये असेल तेवढंच बघायचं, क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवर साठवलेल्यात, शिरायचं नाही. यंत्राला जोडून उतरवायचा असेल तर ठोस संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण हवं, आणि वरिष्ठाची मंजुरी. फोन ठेवून घेतला तर पावती. आणि वर्षाचा आकडा छापतात. २०२४ च्या आर्थिक वर्षात ४७,०४७ जणांची उपकरणं तपासली, आलेगेले ४२ कोटींच्या वर. दहा हजारांत जेमतेम एक. न्यूझीलंडचं तर कायद्यातच आहे, पासवर्ड नाकारला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड. जाचक आहे, पण उतरण्याआधी वाचता येतं. आपला आकडा किती? दहा हजारांत कितवी मी? मी माहितीच्या अधिकारात विचारलं, तर उत्तर आलं, अशी माहिती संकलित स्वरूपात ठेवली जात नाही. माझ्या लेकीचे फोटो कदाचित संकलित स्वरूपात आहेत, आकडा नाही!

आणि मी कोण, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असंही नाही. ऑगस्ट २०२२ च्या नियमांप्रमाणे विमान सुटण्याच्या २४ तास आधी विमान कंपनीनं तुम्हाला माझी सगळी कुंडली द्यायची : तिकिटाचे पैसे कसे भरले, सामान किती, फोन नंबर काय. ती तुम्ही पाच वर्षं ठेवता. एवढं हातात असून सांगलीची ५८ वर्षांची आजी ओळखू येत नसेल तर ती पाच वर्षं ठेवून करता काय?

वकील म्हणतात, ताई, चिडू नका, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आहेच. २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायमूर्ती, एकमत, ५४७ पानं. आणि त्या नऊ जणांसमोर 'असा हक्क घटनेत नाही' म्हणून वाद कुणी घातला होता? केंद्र सरकारनं. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ साली एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले, टिपलेलं संभाषण नष्ट करा म्हणून सांगितलं. पत्रकारांच्या फोन-लॅपटॉपच्या जप्तीवरून २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तुम्हाला नियम करा म्हटलं. डिसेंबरात तुमच्या वकिलांनी सांगितलं, नियम होईपर्यंत केंद्रीय यंत्रणा सीबीआयची नियमावली पाळतील. होईपर्यंत म्हणजे किती? आमच्या गल्लीतलं गटारसुद्धा 'होईपर्यंत'च आहे, २०१९ च्या पुरापासून.

२०२३ सालीच तुम्ही व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. दुकानदारानं माझी माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. वा! मग कलम १७ वाचलं. अधिसूचना काढून सरकार आपल्याच यंत्रणांना त्यातून वगळू शकतं. म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला मी दंडाची भीती घालू शकते, निळ्या शर्टाला नाही. नव्या प्राप्तिकर कायद्यात तर झडतीच्या वेळी पासवर्ड ओलांडून 'आभासी डिजिटल जागेत' शिरायचा अधिकारच दिला आहे. जागा आभासी म्हणे. त्यातली माझी नात आभासी नाही.

२०२२ च्या मे महिन्यातली ती गंमत आठवते का? आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, असं पत्रक निघालं आणि दोन दिवसांत मागे घेतलं. त्या दोन दिवसांत मी गॅस एजन्सीत, लॉजवर आणि सिमकार्डवाल्याकडे दिलेल्या झेरॉक्स मोजत बसले होते. सतरापर्यंत आले आणि सोडून दिलं. आम्ही सगळं देतच आलो हो. ठसे दिले, बुबुळं दिली, चेहरा दिला. प्रत्येक वेळी विचारणाऱ्यानं हेच ऐकवलं, लपवण्यासारखं नसेल तर काय हरकत.

मागणं एवढंच आहे. माझ्या फोनमधलं उतरवून घेतलं का, हो किंवा नाही, लेखी कळवा. घेतलं असेल तर पुसा, आणि पुसल्याचा कागद द्या. यापुढे बाईचा फोन बघायचा असेल तर बाईला बघू दे. वकिलाचा, डॉक्टरचा, पत्रकाराचा किंवा माझ्यासारखीचा फोन असेल तर वरिष्ठाच्या सहीशिवाय हात लावू नका. नियमावली असेल तर विमानतळाच्या भिंतीवर लावा, मराठीतही. तिथे दारू किती बाटल्या आणता येते याचा फलक आहे, मी वाचत बसले होते, दोन तास चाळीस मिनिटं.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला परत जाते आहे. या वेळी बटणांचा जुना फोन नेणार. येताना तिचे फोटो तिथेच कागदावर काढून घेईन, अल्बम पर्समध्ये असेल. बघायचा असेल तर बघा, दोन साक्षीदारांसमोर. मोजून घ्या आणि पावती द्या.

आपली,
एक आजी, सांगली

ता. क. : नाव, पत्ता आणि तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहेच. कुठल्या विभागाकडे, ते मला विचारू नका.