पऱ्हाट्या उपटल्यावर वावरात आखलेली पाणबुडी

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी पुन्हा बांधायची म्हणून तू पाठवलेले नकाशे तालुक्याला जाऊन मोठ्या कागदावर छापून आणले. दुकानदार विचारत होता, आप्पा, कसली टाकी बनवता? मी म्हटलं, टाकीच आहे, पण हिच्यात चव्वेचाळीस माणसं राहतात. तो बघतच राहिला. फोनवर हे सगळं धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. आई शेजारी बिबडे वाळत घालतेय आणि काय लिहिलं ते मोठ्याने वाचायला लावतेय.

खालच्या वावरातल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. टेप, खुंट्या आणि सुतळी घेऊन गेलो, आणि शाळेच्या मैदानावर मारतात ती चुन्याची फक्की दोन गोण्या नेली. तुझी सात नंबरच्या जातीची (टाईप 7) जर्मन पाणबुडी मी जमिनीवर आखली, खरी तेवढीच. बाहेरून 67.1 मीटर. बांधापासून निंबाच्या झाडापर्यंत पोहोचली आणि झाडाच्याही चार पावलं पुढे गेली. मग आतली रेघ मारली, माणसं ज्यात राहायची त्या नळकांड्याची, लांबी 50.5 आणि जिथे सगळ्यात रुंद तिथे 4.7 मीटर. बाहेरचं मोठं दिसतं म्हणून मन भरतं, आणि आतली रेघ मारली की छाती दबते. आपल्या ओसरीएवढी रुंदी. तीही गोल नळीची, म्हणजे पायाखालची फळी त्याहून अरुंद. फळीखाली बॅटऱ्या, वर पाईप, दोन्ही बाजूंना यंत्रं.

हे तुझ्या डोक्यात कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक आहे. तू पाचवीत होतीस. विशाखापट्टणमला समुद्राच्या काठावर आपल्या नौदलाची जुनी पाणबुडी ‘आयएनएस कुरसुरा’ उभी आहे, ती बघायला गेलो होतो. 1969 ला नौदलात आलेली, 1971 च्या युद्धात असलेली आणि 2001 ला निवृत्त झालेली. कप्प्याकप्प्यांमधल्या त्या गोल दारातून मी तुला उचलून पलीकडे ठेवायचो. एका दारापाशी तू थांबलीस आणि विचारलंस, आप्पा, सगळी माणसं एकदम पळाली तर या दारातून कशी जातील? मला उत्तर आलं नव्हतं. परवा वावरात आलं. त्यांनी पळण्याचा सराव केलेला असतो.

म्हणून मी गावातून माणसं गोळा केली. भजनी मंडळ, व्हॉलीबॉलची पोरं, शाळेतले सर आणि सातवीचा वर्ग. चव्वेचाळीस पुरे झाले नाहीत, एकोणचाळीस जमले. तुझ्या नकाशातल्या जागांवर उभे केले. सुकाणूवर ट्रॅक्टरवाला, इंजिनवर मोटार रिवाइंडिंगचं दुकान असलेला पोरगा. स्वयंपाकाला लग्नात भरीत करणारा आपला आचारी. त्याला मी दोन हात पसरतील एवढी जागा दाखवली आणि सांगितलं की एवढ्यातून चव्वेचाळीस जणांना दिवसातून तीनदा जेवण. तो गंभीर झाला. म्हणाला, भाकरी थापता येणार नाही इथे. मग मी सांगितलं की पाव पहिल्या काही आठवड्यांत बुरशीने पांढरा पडायचा आणि दोन संडासांपैकी एकात सुरुवातीला सामान भरलेलं असायचं. आई तेव्हापासून पाणबुडीवर टिकेल असं काय काय ते मोजत बसलीय. बिबडे तिच्या यादीत पहिले आहेत.

पाण्याखालचा आवाज ऐकायच्या जागेवर मी पखवाजवाल्या नानांना बसवलं. खऱ्या बोटीवर हे काम वायरलेसवाल्यांकडे असायचं. सगळ्यांना सांगितलं की आता दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, चालायचं नाही, हातातलं काही खाली पडू द्यायचं नाही. वर शत्रूचं जहाज फिरतंय. बेटा, सातवीची पोरं दहा मिनिटं गप्प बसली. नुसता वारा आणि कुठल्यातरी विहिरीवरची मोटार. मग नानांनी डोळे मिटूनच बोट वर केलं आणि हळूच म्हणाले, नाल्याकडून ट्रॅक्टर येतोय, ट्रॉली रिकामी आहे. आम्हाला कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. दोन-तीन मिनिटांनी ट्रॅक्टर दिसला. ट्रॉली रिकामी होती.

त्याच क्षणी मला वाटलं की तुझी पाणबुडी होऊ शकते. पोलाद मिळतं. असा माणूस शोधावा लागतो.

मग बुडी मारायचा सराव केला. बोट झटकन पाण्याखाली न्यायची असली की रिकामी माणसं पुढच्या टोकाकडे पळायची, वजन पुढे जावं म्हणून, आणि अर्ध्या मिनिटात बोट पाण्याखाली. पोरं पळाली, मधल्या कप्प्याच्या दाराला मी दोन खुंट्या ठोकल्या होत्या तिथे अडकली, पडली. चौथ्या खेपेला एकाचाही पाय अडखळला नाही. वजनाचं गणित म्हाताऱ्यांना लगेच कळलं. गाडीत मागे माल जास्त झाला की ती उलाळते, पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर येतो. पाणबुडीत तेच, फक्त खाल्लेला प्रत्येक घास आणि जाळलेला डिझेलचा प्रत्येक थेंब हिशोबात धरून पुढच्या-मागच्या टाक्यांत पाणी इकडचं तिकडे करत राहायचं.

आता जे लिहितो ते शांतपणे वाच.

तू लिहिलंस की पुढे कधीतरी तिला खरंच पाण्याखाली न्यायचं. ते नको. तरंगती कर, इंजिनावर चालव, आत राहा, पहारे बदला, पण बुडवू नको. मी तीस वर्षं प्लेट रोल करून टाक्या बनवल्या. आतून दाब असला की टाकी आपोआप गोल होते, चूक झाकली जाते. बाहेरून दाब आला की उलटं होतं. गोलाई एका ठिकाणी जराशी बिघडलेली असली की दाब तीच जागा शोधतो. मी एकदा पाहिलंय, हवेचा व्हेंट बंद राहिला आणि खालून पंपाने टाकी रिकामी करायला घेतली. धप्प असा एकच आवाज झाला आणि माणूसभर उंचीची टाकी पायाखाली आलेल्या डब्यासारखी चेपली. तिथे वातावरणाच्या एका दाबाच्या आतलं काम होतं. पाण्यात दर 10 मीटरला तेवढा दाब आणखी वाढतो, म्हणजे एका चौरस मीटरवर 10 टन. 100 मीटरवर 100 टन. जर्मनांनी यासाठी साडेअठरा मिलिमीटरची प्लेट वापरली, आत कड्या घातल्या, आणि गोलाई मोजणारे, वेल्ड तपासणारे कारखानेच्या कारखाने त्यांच्यामागे होते. तुझ्यामागे मी आणि माझे दोन वेल्डर आहोत. आम्ही रॉड भट्टीत तापवूनच वापरू, रूट रन म्हणजे वेल्डचा पहिला थर घासून पाहू, बारीक भेगा रंगाने दाखवणारी डीपी टेस्ट करू. एवढं करूनही माझी मुलगी आत असताना त्या प्लेटवर 100 टन मी येऊ देणार नाही.

आणि इंजिन. जिभाऊंची गोष्ट मी तुला कधी पूर्ण सांगितली नाही. दुष्काळाचं साल, 1972. मी आठ-नऊ वर्षांचा. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. पंप फार खोलवरून पाणी ओढू शकत नाही, सात-आठ मीटरच्या पुढे त्याचा जीव जातो, म्हणून ऑईल इंजिनच विहिरीत उतरवून कपारीवर बसवलं होतं. जिभाऊ डिझेल बघायला खाली गेले आणि तिथेच बसले. हाका मारल्या, उत्तर नाही. आपला सालदार दोर धरून त्यांना आणायला उतरला, तोही त्यांच्या बाजूला टेकला. माझी आजी काठावरून ओरडत होती, ‘माय वो, माय वो.’ कोणीतरी कंदील सोडून पाहिला, तो नीट जळत होता. म्हणून तिसरा उतरायला निघाला, त्याला एका म्हाताऱ्याने धोतर धरून मागे ओढलं. इंजिन डिझेल संपल्यावर बंद पडलं. मग घोंगडी वर-खाली हलवून हवा घातली आणि दोघांना काढलं. जिभाऊ वाचले. सालदार गेला. त्याचा चेहरा लालसर होता, उन्हातून येऊन झोपल्यासारखा. धुरातला तो वायू, कार्बन मोनॉक्साइड, कंदील विझवत नाही आणि त्याला वासही नसतो, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं.

तुझे नकाशे वाचताना मला सारखी ती विहीर दिसत होती. इंजिन हवा खातं. म्हणूनच या बोटी पाण्याखाली बॅटरीवर चालायच्या, 124 सेलवर, आणि हळूहळू, 4 नॉटने, म्हणजे ताशी 4 सागरी मैल. तसं गेलं तर 80 सागरी मैल, म्हणजे धुळ्याहून निघून नाशिकच्या आसपास. मग वर येऊन पुन्हा डिझेल लावून चार्जिंग. युद्धाच्या शेवटी शेवटी नळी वर काढून पाण्याखालीच डिझेल चालवायला लागले. लाट आली की नळीचं तोंड झाकायचं आणि इंजिन बोटीच्या आतलीच हवा ओढायचं, माणसांचे कान फुटायची वेळ यायची. बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन, तो वेगळाच. तुझी बोट नुसती तरंगती असली तरी आत डिझेल चालणार. हवेचा स्वतंत्र मार्ग, धुराचा स्वतंत्र मार्ग, प्रत्येक कप्प्यात वायू ओळखणारा अलार्म, आणि एक माणूस कायम बाहेर. कोणी आत पडलं तर तिसऱ्याला ओढून धरणारा.

दुसरं एक मनात आहे. तुझ्या कागदांत गणवेशाचं चित्र होतं आणि बोटीवर झेंडा होता. ते दोन्ही काढ. याच जातीच्या एका बोटीने, यू-48 ने, सप्टेंबर 1940 मध्ये ‘सिटी ऑफ बनारस’ नावाचं जहाज बुडवलं. त्यात इंग्लंडातून सुरक्षित जागी पाठवायला काढलेली 90 मुलं होती, त्यातली 77 गेली. जहाजावरचे बरेच खलाशी आपल्याकडचे होते, त्यातलेही कितीतरी गेले. आणि त्या पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे चाळीस हजार जर्मन पोरांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश परत आली नाहीत. या जातीची आख्खी बोट आता जगात एकच उरलीय, यू-995, जर्मनीत लाबोला. तुझ्या बोटीत शिरणाऱ्या माणसाला डाव्या हाताला त्या जहाजावरच्या मुलांची आणि खलाशांची गोष्ट दिसली पाहिजे, मगच पुढचा कप्पा. हे मी सुचवत नाही, मागतोय.

जागेचं म्हणशील तर आपल्याकडे समुद्र नाही. तापी सुरतेला समुद्रात जाते खरी, पण मध्ये बंधारे आणि उकाईचं धरण आहे, नदीने ती जाणार नाही. कप्प्याकप्प्याने बनवायची आणि ट्रेलरवर न्यायची. ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांची पाती गेली तेव्हा साक्रीच्या रस्त्यावर किती वळणं घेत गेली ते आपण पाहिलंय. 4.7 मीटरची कडी त्यापुढे अवघड नाही.

पैशाबद्दल आत्ता लिहीत नाही. पहिला कप्पा मधला करू, जिथून सगळी बोट चालवतात तो, आपल्याच शेडमध्ये, जमिनीवर. चाकं, व्हॉल्व्ह, पेरिस्कोपची नळी. नानांची बसायची जागा. पोरं दर रविवारी येऊन पहारा शिकतील. सर म्हणाले आहेत की सातवीचा वर्ग आठवीत गेला तरी येईल. एक कडी मी रोल करायला घेतलीय. तिची गोलाई अजून तीन मिलिमीटरने चुकतेय, ती मी सोडणार नाही.

तू आखाजीला येशीलच. झोका बांधून ठेवतो. येताना मधल्या कप्प्याची आतली मापं नीट लिहून आण, विशेषतः शिडीचं भोक आणि दोन्ही दारांची उंची. नकाशात ती पुसट आहेत. वावरातली फक्की परवाच्या वाऱ्याने अर्धी उडाली. तू येण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा मारून ठेवतो. एकोणचाळीस होते, तू धरून चाळीस. चार जण अजून बघायचे आहेत.

तुझे,
आप्पा