पाच डॉलरचं तिकीट

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तू शाळेत असताना ज्यांच्यापायी वेडी झाली होतीस, ते लोक कोण गं? त्यांचं पुढे काय झालं?" आईची डॉक्टरांकडे जायची वेळ झाली होती आणि मला हे घाईघाईत सांगायचं नव्हतं. म्हणून लिहायला बसले. बाबा, आईला वाचून दाखवा. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

तो एक पंक बँड, म्हणजे जोरकस, बंडखोर रॉक वाजवणारा. नाव फुगाझी. आपल्याच वॉशिंग्टनमधले चौघे जण: इयन मकाय, गी पिचोटो, जो लॅली आणि ब्रेंडन कँटी. त्यांचा पहिला कार्यक्रम 1987 च्या सप्टेंबरमध्ये झाला. आपण पुण्याहून वॉशिंग्टनजवळच्या सिल्व्हर स्प्रिंगला आलो त्याच्या पुढच्याच वर्षी. मला ते पुष्कळ उशिरा कळले, वर्गातल्या एका मैत्रिणीने कॅसेट भरून दिली तेव्हा. मेट्रोच्या रेड लाइनच्या डब्यात बसून मी ती वॉकमनवर लावली. आधी नुसती बास गिटार, मग त्यावर बाकीचे चढले, आणि एका जागी सगळं एकदम बंद. टेप अडकली असं वाटून मी वॉकमन उघडायला गेले, तेवढ्यात चौघेही एकाच क्षणी परत आत आले. बाबा, तुम्ही सवाईच्या गोष्टी सांगताना समेवर येण्याबद्दल बोलायचात ना, ते मला त्या डब्यात पहिल्यांदा अंगावर काटा येऊन कळलं.

आईला पंक म्हटलं की दारू, गर्द आणि मारामारी एवढंच ऐकून माहीत होतं. म्हणूनच मी पहिल्या कार्यक्रमाहून हातावर काळी फुली घेऊन आले तेव्हा तिच्या पोटात गोळा आला. रविवारी सकाळी तिने खोबरेल लावून माझा हात घासला, तरी मार्करची शाई नखांच्या मुळाशी राहिलीच. आई, त्या फुलीचा अर्थ उलटा होता. 1980 मध्ये इयनचा आधीचा बँड कॅलिफोर्नियाला गेला होता. तिथल्या एका क्लबने बँडमधल्या या अल्पवयीन मुलांच्या हातावर फुली काढली, म्हणजे यांना आत सोडा पण दारू देऊ नका. परत आल्यावर त्यांनी वॉशिंग्टनच्या क्लबांना तीच युक्ती सांगितली. ज्या वयात मला कुठल्याही बारच्या दारातून परत पाठवलं असतं, त्या वयात मी आत उभी राहून गाणं ऐकू शकले ते या फुलीमुळे. फुगाझीचा नियमच होता, सगळ्या वयाच्या लोकांना प्रवेश. तेरा वर्षांची मुलगी आणि पन्नाशीचा माणूस एकाच रांगेत.

आणि तिकीट पाच डॉलर. बाबा, तुमचा हिशेबी जीव त्यावर विश्वास ठेवेना. "एवढ्यात यांचं भागतं कसं?" त्याचं उत्तर तेव्हा मला देता आलं नव्हतं. त्यांना मॅनेजर नव्हता. कार्यक्रम ठरवायचं काम इयन स्वतः फोनवरून करायचा. टी-शर्ट विकणं नाही, जाहिरात नाही. रेकॉर्ड काढायच्या त्या डिसकॉर्ड या घरच्याच कंपनीतर्फे, आणि टपालखर्चासह किंमत वेष्टनावर छापायची, म्हणजे दुकानदाराने जास्त घेतले तर गिऱ्हाइकाला समजावं. मोठ्या कंपन्या मागे लागल्या होत्या, त्यांना यांनी नाही म्हटलं. खर्च कमी ठेवला की कुणाच्या ओंजळीने पाणी प्यावं लागत नाही, हे तुम्ही आयुष्यभर सांगत आलात. मी ते करताना आणखी कुणाला पाहिलं असेल तर यांना.

शहरातले त्यांचे कार्यक्रम तर बहुतेक मदतीसाठीच असायचे. मोफत दवाखाने, बेघरांसाठी काम करणारे लोक, असं काहीतरी. 'पॉझिटिव्ह फोर्स' नावाचा तरुणांचा गट ते भरवायचा. शनिवारी मी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे किराण्याच्या पिशव्या पोचवायला जायचे, ते त्याच ओळखीतून. तुम्ही दोघं पुण्यात एकटे आहात म्हणून शेजारच्या मुलाला मी सारखी फोन करून पिडते ना, ती सवय तिथली आहे.

गर्दीत कुणी धक्काबुक्की करायला लागलं की ते वाजवायचे थांबायचे. इयन माइकवरून त्या माणसाशी बोलायचा, पुढे उभ्या मुलींना लागतंय हे सांगायचा, आणि ऐकलं नाही तर पाच डॉलर परत देऊन बाहेर काढायचा. शाळेत मी इंडियाहून आलेली होते आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिकडची झालेली. त्या हॉलमध्ये मी पुढे उभी होते आणि मला लागू नये म्हणून अख्खं गाणं थांबलं होतं, एवढंच मला पुरेसं होतं.

1993 च्या ऑगस्टमधलं फोर्ट रेनो आठवतंय? टेन्लीटाउनचं ते उघडं मैदान, मागे पाण्याच्या टाक्या. तिथले उन्हाळ्यातले कार्यक्रम फुकट असतात आणि दारूला बंदी, म्हणून आई यायला तयार झाली. येताना दशम्या आणि लसणाची चटणी घेतली होती. पहिल्या गाण्याला आईने कानांवर पदर घेतला, पण उठून गेली नाही. बाबा, तुम्ही शेजारच्या सतरंजीवरच्या गृहस्थाशी गप्पा मारत बसलात आणि घरी येताना गाडीत म्हणालात, "पोरं सरळ आहेत." त्यानंतर तुम्ही मला कधी अडवलं नाहीत. त्याबद्दल मी आजवर कधी बोलले नाही, आज मनापासून आभार मानते. त्या बँडने मला घडवलं, पण तिथे जाऊ तुम्ही दिलंत.

पुढे काय झालं म्हणाल तर नोव्हेंबर 2002 मध्ये लंडनला त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. भांडण नाही, निरोपसमारंभ नाही. संसार, मुलंबाळं, आजारी आईवडील यांच्यासाठी वेळ हवा होता. मंडळाच्या एकांकिकांचं तिकीट पाच डॉलरच ठेवा आणि मुलांना नाटकाला येऊ द्या, म्हणून मी कमिटीशी दरवर्षी भांडते ते कुणामुळे हे आता तुम्हाला कळलं असेल.

त्यांच्या शेकडो कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं 2011 पासून डिसकॉर्डने खुली केली आहेत. फोर्ट रेनोचं त्या संध्याकाळचंही आहे. मी ते बाबांच्या फोनवर पाठवते आहे. आवाज आधी कमी ठेवा, आईच्या कानाच्या यंत्राला त्रास नको. आणि बाबा, त्या गृहस्थाशी तुम्ही तासभर काय बोलत होतात ते मला अजून माहीत नाही. आठवेल तेवढं लिहून पाठवा, चार ओळी असल्या तरी चालतील.

आईच्या रिपोर्टचं काय झालं ते कळवा.

तुमची,
मंजू