कुर्लीतल्या धातूचा आकडा छापताना अवयवही सांगा

महोदय,

कुर्ल्यांत (खेकड्यांत) आणि सुंगटांत (कोळंबीत) जड धातू सापडल्याची बातमी अधूनमधून छापून येते. तिच्यात आकडा असतो, पण तो कुर्लीच्या कोणत्या भागाचा आणि ओल्या वजनावरचा की सुक्या, हे बहुधा नसते. एवढे कळल्याशिवाय तो आकडा वाचताच येत नाही. भुर्दंड मात्र गोव्यात मांडवी-जुवारी नद्यांच्या काठी कुर्ल्या धरणाऱ्यांना आणि मानशीवर, म्हणजे खाजणाच्या पाण्याच्या दारावर, सुंगटे पकडणाऱ्यांना पडतो.

प्रयोगशाळेत बऱ्याचदा मांस वाळवून, पूड करून तपासतात. ताज्या मांसात सुमारे ८० टक्के पाणी असते. त्यामुळे सुक्या वजनावरचा आकडा जवळजवळ पाचपट दिसतो. सुक्या मांसात किलोमागे १.५ मिलिग्रॅम कॅडमियम (एक विषारी जड धातू) म्हणजे ताज्यात ०.३. युरोपीय संघाची मर्यादा ताज्या वजनावर ०.५ मिलिग्रॅम आहे. तिच्याशेजारी १.५ ठेवले की 'मर्यादेच्या तिप्पट' असा मथळा होतो, आणि तो साफ चुकीचा असतो.

खरा धोका दुसरीकडेच आहे. कुर्लीच्या बाबतीत ही मर्यादा नांग्या आणि पायांच्या मांसापुरती आहे. कवचाखालच्या पिवळट-तपकिरी मऊ गराला ती लागू नाही. हा गर म्हणजे कुर्लीचे यकृत आणि स्वादुपिंड एकत्र. अन्नातून आणि गाळातून आलेले कॅडमियम तिथली प्रथिने धरून ठेवतात, म्हणून गरात ते मांसाच्या कितीतरी पट असू शकते. समजा, गरात किलोमागे ५ मिलिग्रॅम आहे. मग ३० ग्रॅम गरात १५० मायक्रोग्रॅम झाले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला आठवडाभरात चालणारी कमाल मात्रा तेवढीच. मूत्रपिंडात शिरलेले कॅडमियम निम्मे व्हायलाच दहा ते तीस वर्षे लागतात. अंगात लोह कमी असेल तर ते जास्त शोषले जाते, हे आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत विशेष काळजीचे आहे.

म्हणून कुर्ली आधी उघडावी, मग शिजवावी. वरचे कवच उचलून गर चमच्याने पूर्ण खरवडावा, दोन्ही बाजूंचे पिसांसारखे कल्ले उपटावेत आणि वाहत्या पाण्याखाली धुवावे. कल्ल्यांत खाडीचा गाळ अडकतो, आणि गोव्याच्या गाळात खाणींकडून वाहून आलेले लोह-मँगनीज भरपूर असते. मादीतली घट्ट केशरी लाख म्हणजे अंडाशय. तो वेगळा अवयव आहे, तिला गर समजू नये. अख्खी कुर्ली उकळली तर गरातले कॅडमियम पाण्यात आणि नांगीच्या मांसातही उतरते. गोठवून पुन्हा वितळवल्यावरही तसेच होते. शेक शेक या कुर्ल्यांच्या कालवणाच्या रश्शात तर सगळेच राहते. धातू उकळून जात नाही, सोलांनीही जात नाही.

तांब्याचा आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नये. कुर्लीच्या रक्तात प्राणवायू वाहणारे हिमोसायनिन तांब्याचेच असते. आर्सेनिकचेही तसेच. समुद्री जिवांतले बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबिटेन या रूपात असते आणि त्याने अपाय होत नाही. अजैविक आर्सेनिक वेगळे मोजले नसेल तर नुसत्या एकूण आकड्यावर मथळा देऊ नये. त्यातही खाऱ्या नमुन्यातले क्लोराइड धातू मोजणाऱ्या यंत्रातल्या आर्गॉन वायूला चिकटले की त्याचे वस्तुमान आर्सेनिकइतकेच, ७५ भरते, आणि दुरुस्ती केली नाही तर नमुन्यात नसलेले आर्सेनिक यंत्र दाखवते. नमुना पोलादी सुरीने कापला तर क्रोमियम, निकेल सुरीचेच येण्याची शक्यता असते; त्यासाठी सिरॅमिकची सुरी वापरावी.

२०१८च्या मासळीतल्या फॉर्मेलिन प्रकरणानंतर लोकांना झटपट चाचणी माहीत झाली. कॅडमियमसाठी बाजारात उभ्याने करायची अशी चाचणी नाही. त्यामुळे अन्न व औषध प्रशासनाने १ जूनला मासेमारीबंदी सुरू होण्याआधी खाडीनिहाय तक्ता जाहीर करावा. त्यात जात, ठिकाण, महिना, नर की मादी, कवचाची रुंदी, मांस आणि गर यांचे वेगवेगळे आकडे, आणि सगळे ताज्या वजनावर. वृत्तपत्रांनीही तेवढे मिळाल्याशिवाय आकडा छापू नये.

सुंगटांत हाच अवयव डोक्यात असतो, तेव्हा डोके आणि पाठीतला काळा दोरा काढावा. किसमूर या कोशिंबिरीसाठी सुकी सुंगटे अख्खीच घेतात, आणि सुकवल्यावर धातू तेवढाच राहून वजन घटते. ती भाजून हाताने चोळावीत, सुटलेली डोकी आणि पाय सुपाने पाखडून टाकावेत, मगच खोबरे घालावे.

– एक वाचक, फोंडा