न बघणाऱ्यांच्या पैशांवर चालणारं चॅनेल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी खेळांसाठी स्वतःची टीव्ही चॅनेल काढली, त्यातून कोट्यवधी डॉलर मिळवले, आता आपल्या विद्यापीठांनीही ही वाट धरावी, असा सूर आपल्या पुरवणीतल्या एका लेखात होता. लेख माहितीपूर्ण होता, पण ते कोट्यवधी डॉलर कोणाच्या खिशातून आले, हे त्यात नव्हतं. त्यातले थोडे माझ्या खिशातून गेले आहेत, म्हणून हे पत्र.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. नोकरी हिशेबनिसाची केली, त्यामुळे कुठलंही बिल ओळ न ओळ वाचायची खोड आहे. शेजारच्या पिस्कॅटवेमध्ये रटगर्स या सरकारी विद्यापीठाचं फुटबॉल स्टेडियम आहे. (इथलं फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू काखेत मारून धावायचं.) १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेला सामना कॉलेज फुटबॉलमधला पहिला मानतात. तो रटगर्सनं ६-४ असा जिंकला. त्यानंतर फुटबॉलमध्ये त्यांनी फार दिवे लावले, असं त्यांचे चाहतेही म्हणणार नाहीत. तरीही २०१२ मध्ये मिशिगन, ओहायो स्टेट अशा बड्या विद्यापीठांच्या 'बिग टेन' या संघटनेनं रटगर्सला आवतण दिलं आणि २०१४ मध्ये आत घेतलं. कशासाठी? न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमधल्या केबलच्या घरांसाठी.

यातली मेख समजायला २००७ मध्ये जावं लागेल. बिग टेननं फॉक्सला भागीदार घेऊन त्या वर्षी ३० ऑगस्टला आपलं चॅनेल सुरू केलं. केबल कंपन्यांकडे मागणी अशी की, आमची विद्यापीठं ज्या आठ राज्यांत आहेत तिथे दर घरामागे महिन्याला साधारण १ डॉलर १० सेंट द्या, बाकी देशात १० सेंट चालतील; आणि चॅनेल सर्वांच्या पॅकेजमध्येच घाला. कॉमकास्ट या मोठ्या केबल कंपनीचं म्हणणं होतं, ज्यांना हवं त्यांना खेळांच्या वेगळ्या पॅकेजमध्ये देतो, बाकीच्यांच्या माथी कशाला? बोलणी फिसकटली. दोनच दिवसांनी मिशिगनचा संघ घरच्या मैदानावर खालच्या श्रेणीतल्या ॲपलाचियन स्टेटकडून ३४-३२ असा हरला. कॉलेज फुटबॉलमधला हा केवढा मोठा धक्का, पण सामना होता याच नव्या चॅनेलवर, आणि खुद्द मिशिगनमध्ये कॉमकास्टच्या ग्राहकांच्या घरी तो दिसला नाही. मग ओरड कोणावर होणार? केबलवाल्यावर! २००८ मध्ये तडजोड झाली आणि त्या राज्यांत बहुतेक ठिकाणी चॅनेल सर्वांच्या पॅकेजात गेलं.

म्हणजे दर ठरतो तो तुम्ही सामने बघता की नाही यावर नाही, तुम्ही राहता कुठे यावर. रटगर्स आत आलं आणि आमचं राज्य स्वस्त यादीतून महाग यादीत जाऊन बसलं. गणपतीच्या वर्गणीला निदान पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात, त्यांना नाही म्हणता येतं. इथे कोणी विचारतच नाही. माझ्या बिलात एक 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' असायची, एक 'रीजनल स्पोर्ट्स फी' असायची, आणि उरलेलं सगळं पॅकेजच्या एका आकड्यात गुडुप. आमच्याकडे ह्यांना क्रिकेट लागतं, त्याचे पैसे वेगळे. मला मराठी मालिका लागतात, त्याचे आणखी वेगळे. जे बघायचं ते पॅकेजच्या बाहेर आणि जे कधी लावलंच नाही ते आत.

बरं, इतकं करून रटगर्सचा क्रीडा विभाग श्रीमंत झाला का? सुरुवातीची काही वर्षं त्यांना बिग टेनच्या पैशांतला पूर्ण वाटाही नव्हता. विभाग आजही तुटीत आहे आणि ती तूट विद्यापीठाचा निधी आणि विद्यार्थ्यांची फी यांतून भरली जाते. म्हणजे एडिसनमधल्या ज्या घरातलं मूल रटगर्सला शिकतं, ते घर दोनदा पैसे भरतं.

पश्चिमेकडच्या 'पॅक-१२' या बिग टेनसारख्याच संघटनेनं २०१२ मध्ये भागीदार न घेता, पूर्ण मालकीची चॅनेल काढली, एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक. डायरेक्टीव्ही या उपग्रह-टीव्ही कंपनीशी त्यांचा करार शेवटपर्यंत झाला नाही. २०२४ मध्ये चॅनेल बंद पडलं आणि बारापैकी दहा विद्यापीठं दुसरीकडे निघून गेली. केवळ चॅनेलमुळे गेली असं मी म्हणणार नाही, पण टीव्हीचा पैसा हे मोठं कारण होतं. ईएसपीएननं टेक्सास विद्यापीठासाठी २० वर्षांच्या, ३० कोटी डॉलरच्या करारावर काढलेलं चॅनेलही त्याच वर्षी गुंडाळलं गेलं. केबल तोडून लोक इंटरनेटवर गेले, तर तिथेही पॅकेजच: यूट्यूब टीव्ही २०१७ मध्ये महिना ३५ डॉलरला होतं, २०२५ मध्ये ८३ ला एक सेंट कमी.

आपल्याकडे २०१९ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं प्रत्येक चॅनेलची सुटी किंमत जाहीर करायला लावली. त्यावर तेव्हा केवढी टीका झाली! गोरेगावचा माझा भाऊ यादी घेऊन बसला होता आणि फोनवर ट्रायचा उद्धार करत होता. पण मला त्याचा हेवा वाटला. कुठलं चॅनेल किती रुपयांना, हे त्याला कळत होतं. मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. अर्थात, पॅकवर भरघोस सूट देऊन ग्राहकाला पुन्हा त्याच जाळ्यात ओढता येतं, हेही तिथे झालंच.

म्हणून सुचवावंसं वाटतं की 'अश्वमेध'सारख्या आंतरविद्यापीठ स्पर्धा आधी यूट्यूबवर नीट दाखवा. चांगला कॅमेरा, मराठी समालोचन आणि वेळापत्रक आठवडाभर आधी, एवढं झालं तरी किती जण खो-खो आणि कबड्डी बघतात ते कळेल. त्यानंतर चॅनेल काढायचंच ठरलं, तर किंमत छापून सुटं विका. पाच रुपये असली तर भावाच्या सेट-टॉप बॉक्सवर मी स्वतः घालून देईन, तो कुरकुरला तरी. पण पॅकमध्ये घालू नका.

आपली नियमित वाचक,
एडिसन, न्यू जर्सी (मूळची गोरेगाव, मुंबई)