इथे मला तुझ्या नावाने हाक मारतात

म्वांझाजवळून (टांझानिया), ऑगस्ट

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "आई, पण तिथे तुझं आहे कोण?" तेवढ्यात फोन कट झाला. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय. फोनवर असल्या प्रश्नाला "आहेत गं सगळे" यापलीकडे काही सुचत नाही, म्हणून कागद घेऊन बसले.

पहिलं सांगायचं म्हणजे, इथे मला सिस्टर कुणी म्हणत नाही. रत्नागिरीत इतकी वर्षं नोकरी केली, तिथे अजूनही बाजारात गेले की सिस्टर म्हणूनच हाक येते. इथे मी 'मामा मनू'. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. बाईला पहिलं मूल झालं की तिचं स्वतःचं नाव मागे पडतं आणि ती त्या मुलाची आई म्हणून ओळखली जाते. मी आले त्या दिवशी दवाखान्यातल्या मुख्य नर्सबाईंनी शिक्षण, अनुभव काही विचारलं नाही. मुलाबाळांची नावं काय, एवढंच विचारलं. मृण्मयी कुणाच्याच तोंडात बसेना. मग घरचं नाव सांगितलं. मनू! लगेच जमलं. तू तिकडे पुण्यात कॉम्प्युटरसमोर बसलेली असतेस आणि इकडे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी सकाळपासून वीस-पंचवीस वेळा तुझं नाव घेतलं जातं. टमाटेवाली घेते, पाणी आणून देणारा मुलगा घेतो, शाळेतून परतणारी पोरं तर लांबूनच ओरडतात.

नात्यांचे बाकीचे शब्द पाठ करताना मात्र मला त्रास झाला. दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ, बीबी म्हणजे आजी. बाबा तेवढा बाबाच. पण बाजारात गेलं की ओळखीचे शब्द भेटतात. दुकानाला दुका, गोणीला गुनिया, आंब्याला एम्बे. मोसमी वाऱ्यावर आपल्या बाजूच्या किनाऱ्यावरून इकडे गलबतं यायची, त्यांच्याबरोबर शब्दही उतरले. आंब्याच्या दिवसांत एम्बे म्हटलं की मला एकदम आपली वाडी दिसायची.

घड्याळाचंही सांगते, कारण तू इथे आलीस तर पहिल्या दिवशी तुझीही चूक होणार. इथे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, आठ म्हणजे दोन. पहिल्याच आठवड्यात मला लसीकरणाला दोन वाजता बोलावलं होतं. मी जेवणखाण आटपून दुपारी गेले, तर ओटा रिकामा. साठ-सत्तर बायका पोरं घेऊन येऊन गेलेल्या. फार वाईट वाटलं. नंतर लक्षात आलं, आपले आजोबा पंचांगातल्या घटका सूर्योदयापासूनच मोजायचे. विषुववृत्त इथून जवळ आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर साधारण त्याच वेळेला उगवतो आणि हा हिशेब कधी फारसा बिघडत नाही.

कामाबद्दल तुला वाटतं तसं काही नाही. मी इथे बाळंतपणं करत नाही, ते इथल्या नर्सबाईंचं काम आणि त्यांचा अधिकार. मी शिकवते. जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं, पिशवी आणि मास्कने श्वास कसा द्यायचा, हे बाहुलीवर पुन्हा पुन्हा करून घेते. मलेरियाचं मात्र मी त्यांच्याकडून शिकले. पोराच्या पापण्या आणि तळहात बघून रक्त किती उतरलंय ते या बाया सांगतात आणि नंतर तपासणीत तेच निघतं. मदतीला आले असं म्हणायला आता मला संकोच वाटतो. इथलं काम इथल्याच बाया ओढतायत, मी आपली एका बाजूने हात लावलाय.

आता शेजारणीबद्दल. तिचा धंदा दागाचा. दागा म्हणजे आपल्या मांदेलीहूनही बारीक, चांदीसारखी मासळी. चंद्र नसलेल्या रात्री होड्या दिवे लावून आत जातात, कारण उजेडावर ही मासळी वर येते. अमावास्येच्या सुमारास अंगणात उभं राहिलं की पाण्यावर अख्खं शहर वसल्यासारखं वाटतं. हे सरोवर सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटरचं, त्यामुळे पलीकडचा काठ दिसायचा प्रश्नच नाही. पौर्णिमेला सगळा अंधार. पहाटे होड्या आल्या की शेजारीण बादल्या घेऊन जाते आणि खडकांवर, वाळूवर मासळी पसरते. उन्हं चढली की जो वास सुटतो तो अगदी आपल्या मिरकरवाडा बंदराचा. इथे आल्यावर पहिल्यांदा रडू आलं ते त्या वासानेच. ती मला बघून जवळ आली, काही न विचारता नुसतं "पोले" म्हणाली. पोले म्हणजे तुझ्या त्रासाचं मला वाईट वाटतं. ठेच लागली तरी पोले, बाजाराची जड पिशवी दिसली तरी पोले. याला आपल्याकडे एका शब्दात काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

(सरोवरात मी पाय घालत नाही. पाण्यातल्या गोगलगायींपासून बिल्हार्झिया या रोगाचा जंतू अंगात शिरतो. पाणी उकळून पिते, मच्छरदाणीत झोपते. झालं समाधान?)

आषाढीला तिने उगाली आणून दिली. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हातात गोळा करून अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात कालवण घ्यायचं. मी म्हटलं आज उपास. ती गेली आणि वाळवलेल्या रताळ्यांचे काप शिजवून घेऊन आली, सोबत भाजलेले शेंगदाणे. इथल्या सुकुमा जमातीच्या लोकांचं हे जुनं खाणं आहे, मिचेंबे म्हणतात. रताळं आणि दाणे! मी तिला सांगितलं की आज माझ्या गावात घरोघरी हेच खात असतील. ती म्हणाली, मग तुमचा देव आमच्याकडे जेवून गेलेला दिसतो. हे तिने अगदी मनापासून म्हटलं, आणि मलाही ते खरंच वाटलं.

आणि आता जे फोनवर सांगता आलं नाही ते. माईमावशी गेली तेव्हा तू रडत रडत म्हणालीस, "तू एकटी आहेस, जवळ कुणी नाही, मी येते." मी नको म्हटलं आणि तुला वाटलं मी कठोर झाले. मी एकटी नव्हते गं.

तुझा फोन आला तेव्हा मी दारात उभी होते. शेजारणीने चेहरा बघितला, विचारलं, मी म्हटलं बहीण. ती घरात गेली, चटई घेऊन आली आणि माझ्या अंगणात अंथरून बसली. काही बोलली नाही. अर्ध्या तासात दुसरी आली, मग टमाटेवाली, मग दवाखान्यातल्या दोघी. संध्याकाळपर्यंत वीस-बावीस बायका. कमरेला कांगा, म्हणजे इथलं छापील कापड, गुंडाळलेल्या, पाय लांब करून बसलेल्या. कुणी चूल पेटवली, कुणी पाणी आणलं. ज्या बहिणीला त्यांनी कधी पाहिलं नाही, जिचं गाव नकाशावर दाखवता यायचं नाही, तिच्यासाठी त्या बसल्या होत्या. एका म्हातारीला स्वाहिली फारसं येत नाही, ती सुकुमा बोलते. तिने माझा हात धरला आणि रात्रभर सोडला नाही. रात्री त्या तिथेच झोपल्या. तीन दिवस मला स्वयंपाक करू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारणीने एक वही पुढे केली. प्रत्येकीचं नाव आणि समोर रक्कम. कुणाचे पाचशे शिलिंग, कुणाचे हजार. दुःखाच्या घरी द्यायच्या या पैशाला रांबीरांबी म्हणतात. मी हात जोडून म्हटलं, मला पगारासारखा भत्ता मिळतो, तुम्ही कष्टाचे पैसे का देता, परत घ्या. तिचा चेहरा एकदम उतरला. म्हणाली, मग आमच्या घरी कुणी गेलं तर तू काय करशील? आम्हाला तुझ्याकडून घेता येणार नाही का? मी वही घेतली. पैसे घेतले. तेव्हापासून दोन घरी जाऊन मीही चटईवर बसून आले आणि वहीत माझंही नाव लिहिलं गेलं. मामा मनू, दोन हजार.

वही दिली त्या रात्री सगळ्या गेल्यावर शेजारीण मागे थांबली. म्हणाली, तुझी बहीण तुला काय म्हणायची? तुला मनूची आई तर म्हणत नसेल. मी माझं नाव सांगितलं. माई मला ज्या लाडक्या नावाने हाक मारायची तेही सांगितलं. ते दोन-तीनदा तिने घोळून घोळून म्हटलं. मग तिने तिचं नाव सांगितलं. शेजारी राहायला आल्याला सहा महिने झाले होते आणि मला ते माहीत नव्हतं. ते तिने मला सांगितलंय, म्हणून पत्रात लिहीत नाही. चारचौघांत आम्ही अजून एकमेकींच्या मुलींच्या नावानेच बोलतो. पण पहाटे खडकांवर मासळी उलथताना दोघीच असलो की ती मला माईच्या त्या लाडक्या नावाने हाक मारते.

डिसेंबरात मी परत येणार हे ठरलेलं आहे, त्यात बदल नाही. तोवर एक काम कर. तिला तुझा फोटो हवाय. मोबाइलमधला दाखवला, पण तो तिला चालत नाही, कागदावरचा पाहिजे. ज्या पोरीचं नाव दिवसभर घेते तिचं तोंड भिंतीवर दिसायला हवं, म्हणते. साडीतला पाठव, दिवाळीचा आहे तो. आणि मागे नाव लिही, मनू एवढंच.

तुझी
आई