वेर्नर मोल्डर्सचा मृत्यू : मित्रास पत्र

पुणे

प्रिय सुधाकर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. वेर्नर मोल्डर्स या जर्मन वैमानिकाविषयी मी पाठवलेली टिपणे वाचून तू एकच प्रश्न विचारलास, आणि तो नेमका वर्मावरचा आहे : हा मनुष्य खरोखर विमान अपघातात गेला, की धर्मनिष्ठ कॅथलिक असल्यामुळे नाझींनीच त्याचा काटा काढला? माझे उत्तर आधी सांगतो. तो अपघातच होता, याविषयी माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. पण घातपाताची गोष्ट कुठून उपजली आणि इतकी वर्षे का टिकली, हे शोधताना त्या काळातल्या जर्मनीविषयी जे कळले ते अपघाताच्या तपशिलाहून मला मोठे वाटते, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

मोल्डर्सचा जन्म १८ मार्च १९१३ चा, गेल्झेनकिर्शेन या रूर खोऱ्यातल्या कोळशाच्या गावचा. वडील शिक्षक होते आणि १९१५ साली फ्रान्समध्ये आर्गोनच्या आघाडीवर मारले गेले, तेव्हा वेर्नर जेमतेम दोन वर्षांचा होता. आईने चारही मुलांना घेऊन बर्लिनजवळचे ब्रांडेनबुर्ग हे आपले माहेर गाठले. तिथल्या कॅथलिक युवक संघटनेत तो वाढला आणि त्याची श्रद्धा शेवटपर्यंत टिकली, हे निर्विवाद आहे. १९३१ साली तो पायदळात भरती झाला. पुढे विमानदलात जायचे ठरवले तेव्हा पहिल्या तपासणीत तो अपात्र ठरला आणि निवड झाल्यावरही त्याला विमान लागायचे. प्रशिक्षणात मळमळ आणि उलट्या यांनी त्याला बेजार केले होते. पुढे ज्याच्या नावाने शाळकरी मुले चित्रे जमवू लागली, त्या माणसाने केवळ जिद्दीने हा त्रास मोडून काढला. या चिवटपणाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, आणि तो मी लपवीत नाही.

१९३८ च्या वसंत ऋतूत तो स्पेनमध्ये गेला. तिथे यादवी युद्ध चालू होते. त्यात जनरल फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या काँडोर लीजन या जर्मन दलामधली एक तुकडी त्याने आडोल्फ गालांड याच्याकडून हाती घेतली आणि वर्षअखेरपर्यंत १४ विमाने पाडली. त्याचे टिकाऊ काम मात्र वेगळे आहे. त्या काळी लढाऊ विमाने तीन-तीनच्या घट्ट रचनेत उडत, आणि त्यात वैमानिकाचे बहुतेक लक्ष शेजारच्या विमानाला धडक बसू नये याकडेच लागलेले असे. मोल्डर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन-दोन विमानांच्या दोन जोड्या मोकळ्या अंतरावर उडवायला सुरुवात केली. जोडीतला एक हल्ला करतो आणि दुसरा त्याची पाठ राखतो. उताणा पंजा धरला तर चार बोटांची टोके जशी मागेपुढे दिसतात तशी ही रचना दिसते. ब्रिटिशांनीही ती पुढे उचलली, आणि जगभरच्या विमानदलांत तिचे संस्कार आजही आढळतात.

दुसऱ्या महायुद्धातली त्याची चढती कमान थोडक्यात सांगतो, कारण ती कोणत्याही चरित्रात मिळते. मे १९४० मध्ये नाइट्स क्रॉस हे शौर्यपदक, मग त्याच पदकाच्या चढत्या श्रेणी : सप्टेंबरात ओकची पाने, जून १९४१ मध्ये तलवारी. आणि १५ जुलै १९४१ रोजी महायुद्धातल्या १०० विमानांचा आकडा ओलांडल्यावर हिरे, जे मिळवणारा तो पहिलाच. त्यानंतर त्याला लढाईत उडायला बंदी झाली आणि अवघ्या २८ व्या वर्षी लढाऊ विमानदलाचा निरीक्षक नेमण्यात आले. या चढत्या कमानीतच ५ जून १९४० हा दिवस येतो. त्या दिवशी काँपिएन्यच्या परिसरात रने पोमिए-लेरार्ग या तरुण फ्रेंच वैमानिकाने त्याला पाडले. मोल्डर्स हवाई छत्रीने उतरला, कैद झाला आणि फ्रान्सने हत्यारे ठेवल्यावर सुटला. पोमिए-लेरार्ग मात्र त्याच दिवशी पुढच्या चकमकीत मारला गेला. मोल्डर्सवर लिहिणारे बरेच जण त्याला एका ओळीत आटोपतात. मला ते योग्य वाटत नाही, आणि माझ्या लेखनात त्याला मी पुरेशी जागा देणार आहे.

पाडलेल्या विमानांच्या आकड्यांविषयीही तुला सावध करायला हवे. स्पेनमधली १४ आणि नंतरची १०१ मिळून ११५ हा अधिकृत हिशेब आहे. जर्मन पद्धतीत वैमानिकाला वेळ, ठिकाण, विमानाचा प्रकार आणि साक्षीदार यांसह लेखी दावा करावा लागे आणि बर्लिनहून मंजुरी यायला कित्येकदा महिने लागत. पण लढाईच्या धुमश्चक्रीत दोघांनी एकच विमान आपले म्हणणे किंवा धूर सोडत गेलेले विमान पडले असे समजणे, हे सर्वच देशांच्या विमानदलांत घडले आहे. म्हणून दाव्यासमोर शत्रुपक्षाची त्या दिवसाची नुकसानीची नोंद ठेवून पाहावी लागते. २८ जुलै १९४० रोजी ब्रिटिशांशी लढताना मोल्डर्स स्वतः जखमी झाला, त्याचे श्रेय कितीतरी वर्षे ‘सेलर’ मालान या प्रसिद्ध वैमानिकाला दिले जाई. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर प्रश्नचिन्ह लावले. इतक्या गाजलेल्या चकमकीची ही स्थिती, तर बाकीच्यांचे काय सांगावे! त्यातच युद्धाच्या शेवटी जर्मन विमानदलाची बहुतांश दफ्तरे वरिष्ठांच्या हुकमाने जाळली गेली. फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात जे आहे ते या आगीतून वाचलेले आहे.

आता त्याच्या मृत्यूकडे येतो. १७ नोव्हेंबर १९४१ रोजी जनरल एर्न्स्ट उडेट याने बर्लिनमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. विमान उत्पादनाच्या अपयशाचे खापर त्याच्यावर फुटत होते. सरकारने मात्र जाहीर केले की नव्या शस्त्राची चाचणी घेताना तो दगावला, आणि त्याला शासकीय इतमामाने निरोप द्यायचे ठरले. मोल्डर्स तेव्हा क्रिमियाच्या आघाडीवर होता. अंत्यविधीसाठी तो चॅप्लिन्काच्या धावपट्टीवरून हाइन्केल १११ या बाँबफेकी विमानात प्रवासी म्हणून निघाला. वाटेत लेंबर्गला मुक्काम झाला. हवा वाईट असल्याने वैमानिक पुढे जायला नाखूश होता आणि मोल्डर्सने आग्रह धरला, असे चरित्रांतून येते. २२ नोव्हेंबरला ब्रेस्लाउजवळ एक इंजिन बंद पडले. ढग जमिनीला टेकल्यासारखे खाली आलेले, त्यात पाऊस. गांडाउच्या विमानतळावर उतरण्याच्या प्रयत्नात विमान धावपट्टीच्या अलीकडेच एका शेतघराजवळ कोसळले. आत पाच जण होते. मोल्डर्स, वैमानिक कोल्बे आणि यंत्रज्ञ गेले. एक मेजर आणि बिनतारी यंत्रचालक वाचले. सुधाकर, घातपाताच्या गोष्टीला सर्वांत मोठा अडथळा या दोन वाचलेल्या माणसांचा आहे. इंजिन आणि हवामान यांविषयी त्यांनी जे सांगितले त्यात संशयाला जागा नाही. शिवाय ज्याचा नावलौकिक आपल्या प्रचाराचे भांडवल आहे, त्याला अशा बेभरवशाच्या रीतीने कोण मारील? ब्रेस्लाउ आज पोलंडमधले व्रॉत्सवाफ आहे आणि तो जुना विमानतळ आता निवासी वसाहतीखाली गेला आहे.

मग संशय आला कुठून? उडेटविषयी सरकार खोटे बोलले याची कुजबुज सुरू झालीच होती. पाच दिवसांनी दुसऱ्या नामांकित वैमानिकाच्या ‘अपघाता’ची बातमी आली तेव्हा लोकांनी तीही त्याच मापाने मोजली. त्याच उन्हाळ्यात म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन यांनी मठांची जप्ती आणि मनोरुग्णांची हत्या यांविरुद्ध उघड प्रवचने दिली होती, आणि कॅथलिक समाज आतून धुमसत होता. नेमकी ही नस ब्रिटिश प्रचारखात्यातल्या सेफ्टन डेल्मरने ओळखली. १९४२ च्या आरंभी जर्मनीवर पत्रके टाकण्यात आली. ती दिसायला जर्मन विमानदलाच्या बिनतारी संदेशाच्या छापील फॉर्मसारखी होती, जणू एखाद्या विमानदल कर्मचाऱ्यानेच ती गुपचूप बाहेर काढली असावीत. त्यांवर मोल्डर्सने श्टेटीनच्या धर्मगुरूला लिहिलेले म्हणून एक पत्र होते. श्रद्धेची टर उडवणारे सोबती मृत्यू समोर दिसू लागल्यावर त्याच श्रद्धेचा आधार शोधत आहेत, असा त्याचा आशय. त्यात सरकारविरुद्ध उघड शब्द जवळजवळ नव्हता, आणि त्यामुळेच ते खरे वाटले. चर्चमधल्या व्यासपीठांवरून ते वाचले गेले, हातांनी नकलून वाटले गेले. नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने ते बनावट असल्याचे सांगितले आणि ते खरेच बनावट होते, पण त्याच्यावर विश्वास ठेवायला फारसे कोणी तयार नव्हते. ते पसरवणाऱ्यांमागे गेस्टापो म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस लागले. युद्धानंतर डेल्मरने स्वतःच त्या पत्राचे कर्तृत्व मान्य केले.

त्या पत्रातून दिलासा घेतलेल्या साध्या माणसांना मी दोष देणार नाही. पण त्या बनावट पत्रामुळेच नंतरच्या पिढीला मोल्डर्स हिटलरविरोधक वाटू लागला, आणि हे मला मान्य नाही. तो निष्ठावान कॅथलिक होता, तसाच राजवटीचा निष्ठावान अधिकारीही होता. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी सुखाने नांदल्या. युद्धानंतर पश्चिम जर्मनीने त्याचे नाव एका विनाशिकेला आणि १९७३ साली नॉयबुर्गच्या ७४ व्या लढाऊ विमान पथकाला दिले. पुढे २४ एप्रिल १९९८ रोजी जर्मन संसदेने काँडोर लीजनच्या सैनिकांचा असा गौरव होऊ नये असा ठराव केला, आणि २००५ मध्ये संरक्षणमंत्री पेटर श्ट्रुक यांनी पथकाचे नाव काढून घेतले. माजी अधिकाऱ्यांनी कडाडून विरोध केला. गेर्निका हे स्पेनमधले गाव लीजनच्या बाँबहल्ल्यात २६ एप्रिल १९३७ ला बेचिराख झाले तेव्हा मोल्डर्स स्पेनमध्ये नव्हताच, हा त्यांचा मुद्दा तारखांच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. तरीही मला मंत्र्यांचा निर्णय पटतो. १९३८ मध्ये एब्रो नदीच्या लढाईत लीजनची लढाऊ विमाने बाँबफेकी विमानांना संरक्षण देत होती, आणि मोल्डर्स त्यांच्यातला नावाजलेला तुकडीप्रमुख होता. त्याची युद्धरचना लष्करी शाळांत जरूर शिकवावी. आजच्या लोकशाही सैन्याच्या दरवाजावर त्याचे नाव कोरणे ही वेगळी गोष्ट आहे.

तुझे मत याहून वेगळे असेल तर मोकळेपणाने कळव. स्पेनमधल्या महिन्यांचे प्रकरण मी आता लिहायला घेतले आहे. कच्चा खर्डा झाला की तुझ्याकडे पाठवीन. त्यात एब्रोच्या काठावरच्या गावांची बाजू कुठे कमी पडलेली दिसली तर तिथे लाल रेघ ओढ.

सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
श्रीकांत