सर्वांत मागे चालणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

गेले पंधरा दिवस तुम्ही परगावी आहात आणि जाताना गटाच्या सर्वांत मागे चालण्याचे तुमचे काम माझ्यावर सोपवून गेला आहात. या दिवसांत मला जे उमगले ते समोर बोलायला गेले, तर तुम्ही हसून विषय बदलाल हे ठाऊक आहे, म्हणून हे जाहीर पत्र लिहिते. आपल्या चालण्याच्या गटात मला ज्या मैत्रिणी मिळाल्या त्या आपोआप मिळाल्या, असे मी दोन वर्षे समजत होते. त्यामागे तुमचा हात होता, हे मागून चालताना कळले.

निवृत्तीनंतर नव्या मैत्रिणी कुठे आणि कशा जोडायच्या, हे कोणाला विचारायचाही संकोच वाटतो. शाळेत एका बाकावर बसले की मैत्री होते, नोकरीत एका खोलीत सारा दिवस जातो; पुढे असे रोज शेजारी कोणी उरत नाही. मी आले ती केवळ डॉक्टरांनी चालायला सांगितले म्हणून. पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत मागे पडले आणि त्यात बुटाची नाडी सुटली. खाली वाकताना, आता या सगळ्या पुढे जातील आणि आपण गुपचूप घरी परतावे, असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते. मान वर केली तर तुम्ही शेजारी उभ्या होतात आणि पुढच्या सगळ्या जणी वळणावर थांबल्या होत्या. "सावकाश होऊ द्या," एवढेच तुम्ही म्हणालात आणि माझी दुसरी नाडीही नीट बांधून होईपर्यंत एकदाही घड्याळाकडे पाहिले नाहीत.

जी सर्वांत हळू चालते तिच्या वेगाने गट चालेल, हा तुमचा नियम काही जणींना सुरुवातीला जाचक वाटला होता. ज्यांना भरभर चालायचे असेल त्यांनी पुढच्या वळणापर्यंत जाऊन पुन्हा आमच्यापर्यंत यावे, असा मार्ग तुम्ही काढलात आणि कोणीच दुखावले गेले नाही. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये इतपत दम लागला की तो मध्यम व्यायाम झाला, ही खूण तुम्हीच शिकवलीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांना आठवड्याला असा १५० ते ३०० मिनिटांचा व्यायाम हवा. आपले पाच दिवसांचे पाऊण-पाऊण तास धरले तर २२५ मिनिटे होतात. मोबाइलवर १०,००० पावलांची चढाओढ सुरू झाली तेव्हा, हा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून रूढ झाला आहे, हे शांतपणे सांगून तुम्ही ती थांबवलीत. त्यानंतर आपण पावले मोजणे सोडले आणि बोलणे वाढले.

माझी जोडी तुम्ही ज्यांच्याशी लावलीत, त्यांच्या उजव्या बाजूलाच चालायला मला का सांगितले होते, हे मी कधी विचारले नव्हते. परवा मागून पाहताना लक्षात आले की, डावीकडून कोणी बोलले तर त्यांना ऐकू येत नाही आणि त्या नुसती मान हलवतात. दोन वर्षे त्यांच्याशी माझे बोलणे कधीच अडले नाही, कारण मी कोणत्या बाजूला असावे याचा विचार तुम्ही आधीच करून ठेवला होता. समोरासमोर बसून जे ओठांवर येत नाही, ते रस्त्याकडे पाहत शेजारून चालताना सहज बोलले जाते. पतीच्या आजारपणातले दिवस मी पहिल्यांदा त्यांनाच सांगितले. मध्ये मी आठवडाभर आले नाही, तेव्हा "कुठे आहात" असे गटाच्या संदेशात सर्वांसमक्ष विचारण्याऐवजी तुम्ही त्यांना मला फोन करायला सांगितलेत. तो फोन तासभर चालला.

जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकांच्या २०१८ च्या अभ्यासाविषयी मी नंतर वाचले. साध्या ओळखीतून मैत्रीची सुरुवात व्हायला सुमारे ५० तास आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात, असा त्यांचा अंदाज आहे. आपल्या हिशेबाने ५० तास म्हणजे तीन महिन्यांहून थोडे अधिक आणि २०० तास म्हणजे सुमारे एक वर्ष. मात्र हे तास एकाच व्यक्तीसोबतचे असतात. गटात रोज वेगळीच सोबत मिळाली असती, तर ते कधी साठलेच नसते. एक जोडी तीन-चार महिने न मोडण्याचा तुमचा आग्रह मला त्या वेळी थोडा हट्टाचा वाटला होता, त्याबद्दल क्षमा मागते.

तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी एक नवीन बाई आल्या. चढ सुरू होताच त्या थांबल्या आणि "तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून," असे म्हणाल्या. हे वाक्य कशासाठी म्हटले जाते, हे मला माहीत असल्यामुळे मी तिथेच उभी राहिले आणि पुढच्यांना हाक मारली. त्या आता रोज येतात. त्यांच्या गुडघ्याला उतार सोसत नाही, म्हणून परतताना आपण सपाट रस्ता धरू लागलो आहोत. तुमची संमती मी गृहीत धरली आहे. त्यांची जोडी मात्र अजून लावलेली नाही. ते काम तुमच्यासाठी राखून ठेवले आहे.

तुमची कृतज्ञ,
गटातील एक मैत्रीण